पथ्य न मोडताही पोट बिघडतं

वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर वर्ष-दोन वर्षं उलटली तरी ज्यांचं पोट ताळ्यावर येत नाही, त्यांना एकच निदान ऐकावं लागतं: "पथ्य मोडलं असणार." घरचे म्हणतात, शेजारी म्हणतात, आणि बाहेर रांग लांबली असली की डॉक्टरही म्हणून जातात. मळमळ, जेवणानंतरची धडधड, जुलाब, फुगलेलं पोट, घशाशी येणारं आंबट-कडू पाणी, सगळ्यावर हाच शिक्का. त्यामागे सहसा उघड न बोललेलं आणखी एक वाक्य असतं: कष्ट न करता बारीक व्हायला निघाला होतात, आता भोगा.

पूर्वपक्षात तथ्य आहे, हे आधी मान्य करतो. भराभर, न चावता जेवलं, घासागणिक पाणी प्यायलं, गोडावर हात मारला, तर त्रास होणारच. पहिल्या काही महिन्यांत कित्येकांच्या तक्रारींचं मूळ इथेच असतं. पण पथ्य मोडल्यावर त्रास होतो, म्हणून जिथे त्रास तिथे पथ्यभंग असलाच पाहिजे, हे अनुमान टिकत नाही. आपल्या नैयायिकांनी ही चूक केव्हाच पकडून ठेवली आहे. धूर दिसला तर अग्नी आहे म्हणता येतं. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं म्हणता येत नाही, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो.

इतिहास तर या मताच्या थेट विरोधात जातो. लठ्ठपणासाठी जठराचा बायपास सुरू झाला तो १९६० च्या दशकात, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात, एडवर्ड मेसन यांच्या हातून. पण जेवणानंतर घाम फुटणं, छाती धडधडणं, गळून जाणं, पोटात मुरडा येणं या तक्रारी इंग्लंडच्या आर्थर हर्ट्झ यांनी १९१३ मध्येच नोंदवल्या होत्या, आणि १९२२ मध्ये चार्ल्स मिक्स यांनी त्यांना 'डंपिंग' हे नाव दिलं. हे रुग्ण कोण होते? जठर थेट लहान आतड्याला जोडून घेतलेले, मुख्यतः अल्सरचे रुग्ण. त्यांना कोणी खादाड म्हटलं नाही. तीच लक्षणं लठ्ठ माणसाला झाली की मात्र ती त्याच्या स्वभावाची खूण ठरते. हा अन्याय आहे, आणि तो वैद्यकशास्त्राच्या नावाने होतो याचा मला मनापासून राग येतो.

मुळात शरीरात काय बदललं ते पाहू. जठराच्या खालच्या टोकाशी, आतड्याकडे जाणाऱ्या वाटेवर, एक स्नायूंची झडप असते. अन्न थोडं थोडं पुढे सोडणारा तो पहारेकरीच. बायपासमध्ये अन्न त्या वाटेने जातच नाही. छोट्याशा पिशवीतून ते सरळ आतड्यात उतरतं. गोड किंवा पातळ पिठूळ अन्न असं एकदम उतरलं की आतडं रक्तातलं पाणी ओढून घेतं, आणि तासाभराच्या आत घाम, चक्कर, जुलाब सुरू होतात. कधी त्रास एक ते तीन तासांनी येतो: साखर झपाट्याने शोषली जाते, इन्सुलिन उसळतं, मग रक्तातली साखर घसरते आणि हातपाय थरथरतात. स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारच्या ऑपरेशनमध्ये झडप शाबूत राहते, पण जठराची अरुंद नळी होऊन आतला दाब वाढतो; पूर्वी कधी छातीत जळजळ न झालेल्यांनाही ती सुरू होऊ शकते. मिनी बायपास या आणखी एका प्रकारात पित्त उलटं वर येऊ शकतं. या कशातही जिभेचा दोष नाही.

उलट, पुष्कळदा आज्ञाधारकपणाच अंगाशी येतो. पोट बिघडलं की आपल्याकडे मायेने वाटीभर भाताची पेज पुढे येते, ग्लुकोजचं पाणी येतं, उसाचा रस येतो, उपवास असेल तर साबुदाण्याची खीर. निरोगी पोटाला हे हलकं. डंपिंगच्या रुग्णाला मात्र यासारखं जड काही नाही. त्याने आधी अंडं, पनीर, मासा, दाट वरण किंवा उसळ खावी, भात-पोळी मागाहून आणि थोडी. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. जेवल्यावर घाम सुटला तर अर्धा तास आडवं व्हावं.

एवढं करूनही तक्रार उरली, तर 'अजून कडक पथ्य' हा उपाय नव्हे, तपासणी हवी. वजन झपाट्याने उतरल्यावर पित्ताशयात खडे होतात. जोडाच्या ठिकाणी अल्सर होतो. सिगारेट आणि दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या त्याला निमंत्रण देतात. लहान आतड्यात जंतू माजून पोट फुगतं. आणि सर्वांत घातक म्हणजे पोटातल्या फटीत आतडं अडकणं: कळ येते, जाते, सीटी स्कॅनही कधी नॉर्मल येतो. ज्याला वर्षभर 'तुमचंच चुकतंय' म्हणून ऐकवलं आहे, तो अशी कळ सोसत घरी बसून राहतो. चुकीच्या मताची किंमत इथे मोजावी लागते.

म्हणून या रुग्णांना माझी विनंती आहे. एक वही करा. काय खाल्लं, किती वाजता, त्रास किती वाजता झाला आणि कसा, एवढंच लिहा. वीस मिनिटांनी आलेला घाम आणि दोन तासांनी आलेली थरथर यांतला फरक डॉक्टरांना त्या वेळांवरूनच कळतो. ऑपरेशन नेमकं कोणतं झालं त्याचा कागद कायम जवळ बाळगा. उलट्या थांबतच नसतील तर दोन-तीन आठवड्यांतच शरीरातला बी-१ जीवनसत्त्वाचा साठा संपतो, आणि तशा स्थितीत नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. तेव्हा सलाईन लावायच्या आधी, न संकोचता, "माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालंय, आधी बी-१ द्या" असं सांगा. तुम्हाला बोलण्याचं त्राण नसेल, तर सोबतच्या माणसाने सांगावं.