दात्यांचा हिशोब

एका ओळीत एकमेकांत अडकलेली तीन दातेरी चाके. पहिल्याला १२ दाते, मधल्याला ६०, शेवटच्याला २०. पहिले पाच वेळा फिरवले तर शेवटचे किती वेळा फिरेल? मधले धूड पाहून बहुतेकांना वाटते की त्याने वेग बराच खाल्ला असणार. उत्तर मात्र तीन. पाच फेऱ्यांत पहिल्याचे साठ दाते सरकले, म्हणून मधल्याचेही साठ आणि शेवटच्याचेही साठच. मधले चाक सहाशे दात्यांचे असते तरी उत्तर तेच आले असते. ते फक्त फिरण्याची दिशा पालटते. वेग बदलण्यात मधल्याला वाटा हवा असेल तर त्याच्याच दांड्यावर वेगळ्या दात्यांचे दुसरे चाक बसवून पुढचे चाक त्याने फिरवावे लागते. युरोपातल्या घड्याळजींचा धंदा या जोडचाकांवर उभा राहिला. त्या धंद्याचा इतिहास पाहिला की चाकाचा आकार दुय्यम वाटू लागतो. खरा प्रश्न असा की हव्या असलेल्या संख्येचे अवयव पडतात की नाही.

दाते वाढले की चाक मोठे होणारच, मग आकार आणि संख्या यांत फरक कसला, असे कोणी विचारील. एका जोडीपुरते ते खरे आहे. एकमेकांत बसणारे दाते सारख्या मापाचे लागतात, म्हणून दुप्पट दाते म्हणजे दुप्पट व्यास. पण घड्याळात जोड्या अनेक असतात. वजनाकडून लंबकाकडे जाताना टप्प्याटप्प्याने जोर कमी होतो, त्या बेताने चाके हलकी आणि दाते बारीक करता येतात. त्यामुळे वेगळ्या जोड्यांतली दोन चाके शेजारी ठेवून नुसत्या व्यासावरून वेग ठरवू गेले तर फसगत होते. इंग्लंडमधल्या जुन्या, उभ्या पेटीच्या घड्याळांत पुष्कळदा अशी रचना दिसते: तासाला एकदा फिरणारे ६० दात्यांचे चाक ८ दात्यांच्या छोट्या चाकाला फिरवते आणि त्याच्याच दांड्यावरचे ५६ दात्यांचे चाक पुढच्या ७ दात्यांच्या चाकाला. साडेसात गुणिले आठ म्हणजे साठ, आणि शेवटचा दांडा मिनिटाला एक फेरी घालतो. हेच काम ७ दात्यांच्या चाकासह एकाच जोडीत करायचे तर ४२० दात्यांचे चाक लागेल आणि पेटीत ते मावणार नाही. घड्याळजीच्या सुदैवाने साठचे अवयव भरपूर पडतात. आकाशातल्या संख्या इतक्या सोशिक नाहीत.

ग्रीसमधल्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून १९०१ साली वर आलेल्या, दोन हजार वर्षांहून जुन्या काशाच्या यंत्रात याचा पुरावा सापडतो. १९ वर्षांत चंद्र ताऱ्यांच्या संदर्भात जवळजवळ २५४ फेऱ्या करतो. २५४ म्हणजे दोन गुणिले १२७, आणि १२७ ही मूळ संख्या. यंत्र घडवणाऱ्याने ६४ आणि ३८, ४८ आणि २४, १२७ आणि ३२ अशा तीन जोड्यांतून ते गुणोत्तर नेमके साधले. बाकीच्या संख्या त्याला सोयीने निवडता आल्या. १२७ दाते मात्र एक एक करून कापावेच लागले. ग्रहणांचे चक्र २२३ चांद्रमासांचे, तीही मूळ संख्या, म्हणून २२३ दात्यांचे चाकही त्यात आहे. क्ष-किरण चित्रांवर दाते मोजणाऱ्या अभ्यासकांना या यंत्राचे काम ओळखता आले ते बरेचसे अशा न फुटणाऱ्या संख्यांमुळेच. सोयीची संख्या कोणत्याही कामासाठी घेतलेली असू शकते. गैरसोयीची संख्या कोणी उगाच घेत नाही.

मूळ संख्या फार मोठी असेल तर कापूनही भागत नाही. अठराव्या शतकात फ्रेंच गणिती शार्ल कामू याने असा प्रश्न घातला: बारा तासांत एकदा फिरणाऱ्या दांड्यावरून ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटांत एकदा फिरणारे चाक कसे चालवावे? मिनिटांत मांडले तर ७२० आणि ५,२५,९४९ यांचे गुणोत्तर हवे, आणि ५,२५,९४९ ही मूळ संख्या आहे. कामूचे उत्तर होते ४, ७, ७ दात्यांची छोटी चाके आणि २५, ६९, ८३ दात्यांची मोठी. गुणाकार करून पाहिले तर वर्षामागे चूक सव्वा सेकंदाच्या आत राहते. नेमकेपणा किंचित सोडला, तेव्हा कुठे करता येण्याजोगे यंत्र हाती आले.

मग हे सारे गणितज्ञांचेच देणे, घड्याळजी नुसते कारागीर, असे म्हणायला जागा आहे. डच शास्त्रज्ञ ह्यूखेन्सने १६८२च्या सुमारास ग्रहमाला दाखवणारे यंत्र करवून घेतले, तेव्हा शनीसाठी ७,७७,०८,४३१ आणि २६,४०,८५८ या अवजड गुणोत्तराऐवजी सतत अपूर्णांकांच्या रीतीने २०६ आणि ७ काढले होते. आक्षेपात तथ्य आहे. पण ती रीत मोजकीच उत्तरे देते, आणि त्यांचे अवयव पडतील की नाही याची तिला फिकीर नसते. ज्याला पितळ कापायचे आहे त्याला जवळपासची अनेक उत्तरे हवीत. पॅरिसचा घड्याळजी आशिल ब्रोको याने १८६१ साली नेमकी तीच सोय केली. त्याच्या उदाहरणात १९१ आणि २३ मिनिटांच्या फेऱ्यांचे गुणोत्तर आहे, दोन्ही संख्या मूळ. ८३/१० थोडे कमी पडते, १०८/१३ थोडे जास्त; अंश अंशात आणि छेद छेदात मिळवले की बरोबर १९१/२३ येते. त्यात पुन्हा शेजारचा अपूर्णांक मिळवत गेले की आणखी जवळची उत्तरे मिळतात: २७४/३३, मग ४६५/५६. पहिल्यात २७४ म्हणजे दोन गुणिले १३७, तो टाकून द्यावा. दुसऱ्यात ४६५ म्हणजे १५ गुणिले ३१ आणि ५६ म्हणजे ७ गुणिले ८. चाके लगेच कापता येतील, आणि १९१ मिनिटांच्या फेरीत चूक सेकंदाच्या आसपास. १९१ दात्यांचे चाक कापणे अशक्य नव्हते, उदाहरण समजावण्यापुरते आहे; पण रीत कितीही मोठ्या संख्येला लागू पडते आणि तिला बेरजेपलीकडे काही लागत नाही. जर्मन गणितज्ञ मोरिट्झ श्टेर्न याने १८५८ साली अपूर्णांकांची हीच मांडणी स्वतंत्रपणे, चाकांशी संबंध न ठेवता केली होती. ब्रोकोला ती उसनी घ्यावी लागली नाही.

लेथवर इंची स्क्रूवरून मिलिमीटरचे आटे पाडताना हाच पेच येतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून तिथेही १२७ दात्यांचे चाक लागते. ते नसेल तर कारागीर ४७ आणि ३७ दात्यांची जोडी लावून काम भागवतात. चूक हजारात पाव भागाहूनही कमी.