तेलाच्या डब्याला दोन भोकं

हिमायतनगरचं जुनं नाव वाढोणा. म्हातारी माणसं अजूनही वाढोणाच म्हणतात. उत्तरेला पैनगंगा, आणि नदी ओलांडली की विदर्भ. निजामाच्या काळात ही नदी सरहद्द होती. अलीकडे हैदराबाद संस्थान, पलीकडे वऱ्हाड. कागदावर वऱ्हाडही निजामाचंच, पण १८५३ पासून तिथला कारभार इंग्रजांच्या हातात. तेव्हा बाजाराला किंवा सोयरिकीला पलीकडे जायचं म्हणजे पावसाळ्यात नावाड्याला हाक मारायची. डोंगा नसला तर वाळल्या भोपळ्यांची सांगड. अब्बा सांगायचे, पाणी चढलेलं असलं की नावाडी आधी घरी जाऊन जेवून यायचा, मगच वल्ह्याला हात लावायचा. त्या नावेचं इंधन म्हणजे त्याच्या पोटातली भाकर.

आज मला बोलायचंय ते नावेच्या दुसऱ्या इंधनाबद्दल. बोटीच्या मागच्या फळीवर जे सुटं इंजिन अडकवतात, ज्याला आउटबोर्ड म्हणतात, त्याची टाकी इंजिनापासून वेगळी, बोटीच्या तळाशी ठेवलेली असते. ती टाकी आणि इंजिन जोडणारी एक रबरी नळी असते. विषय सांगितला तेव्हा आमच्या घरात हसू झालं. ज्या मुलखात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथल्या कवीनं बोटीच्या नळीवर बोलावं! पण कोरड्या मुलखात पूर येतो तेव्हा त्याला नावाडी भेटत नाही, म्हणूनच बोलायचं.

आमच्या जुन्या राजधानीपासून सुरुवात करतो. २८ सप्टेंबर १९०८ ला हैदराबादेत मुसी नदीला पूर आला. पंधरा हजारांच्या आसपास माणसं गेली असं सांगतात. अफझलगंजच्या बागेतल्या एका चिंचेवर चढलेली दीडेकशे माणसं वाचली. ते झाड आजही लोक दाखवतात. उर्दूतले मोठे रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, बायको आणि मुलगी त्या पाण्यात डोळ्यांदेखत गेली. घरातले ते एकटे उरले. पुढं विश्वेश्वरय्यांना सल्ल्यासाठी बोलावलं गेलं, १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पुरा झाला. धरणं बांधून पूर अडवायचा, ही त्या काळाची बुद्धी. वाहत्या पाण्यात शिरून माणूस काढून आणायचा तर वल्ह्याशिवाय दुसरं साधन नव्हतं, आणि पुराच्या धारेपुढं वल्हं ते किती चालणार?

गंमत बघा, मुसीच्या पुरानंतर वर्षभरातच, १९०९ मध्ये, अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ओल एव्हिनरूड नावाच्या माणसानं सुटं बोट-इंजिन बाजारात आणलं. जन्मानं नॉर्वेचा, धंद्यानं यंत्रकारागीर. गोष्ट अशी सांगतात की तळ्यातल्या बेटावर सहलीला गेले असताना त्याच्या भावी पत्नीला, बेसला, आइस्क्रीम हवं झालं. हा पठ्ठ्या वल्ही मारत किनाऱ्यावर गेला, आणि परत येईस्तोवर आइस्क्रीमचं पाणी! तिथून इंजिनाची कल्पना. खरीखोटी देव जाणे, पण बेसनं त्या इंजिनाच्या जाहिराती लिहिल्या आणि धंद्याचा हिशोब सांभाळला, हे मात्र खरं. दीड हॉर्सपॉवरचं, अठ्ठावीसेक किलोचं ते इंजिन एक माणूस उचलून नेऊ शकायचा.

त्या इंजिनाची टाकी त्याच्या डोक्यावरच होती. पेट्रोल आपल्या वजनानं खाली उतरायचं, पंपाची गरज नाही. साधं आणि बिनतक्रार. पण टाकी लहान, त्यामुळं इंधन लवकर संपायचं. मग डुलत्या बोटीत मागं वाकून, तापलेल्या इंजिनाच्या डोक्यावर पेट्रोल ओतायचं. चार थेंब सांडले तरी भडका. आणि टाकी मोठी करावी तर सगळं वजन बोटीच्या शेपटाशी. चाळीस वर्षं हे असंच चाललं.

१९४९ मध्ये, म्हणजे आपलं संस्थान भारतात सामील झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी, जॉन्सन कंपनीनं दहा हॉर्सपॉवरचं एक इंजिन काढलं. त्याला पुढं-मागं जाण्याचे गिअर होते, आणि टाकी वेगळी होती. आता टाकी हवी तेवढी मोठी, बोटीत हवी तिथं. पण खाली ठेवलेलं पेट्रोल वर चढणार कसं? तर त्यांनी दोन नळ्या जोडल्या. चालत्या इंजिनाच्या पोटातली दाबाची हवा एका नळीनं टाकीत यायची, आणि त्या दाबानं पेट्रोल दुसऱ्या नळीनं वर जायचं. या टाकीचं झाकण गच्च बंद असावं लागे. सैल राहिलं की दाब गेला आणि इंजिन थांबलं. तोटा असा की दाबाखालचं पेट्रोल. कुठं चीर पडली तर पिचकारीच उडायची.

१९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत इंजिनातच छोटा पंप बसू लागला आणि दोन नळ्यांची एक नळी झाली. आता इंजिन पेट्रोल ओढून घेतं. आणि इथं नियम उलटा झाला. टाकी दिसायला तीच, झाकण तसंच, पण आता झाकणातून हवा आत गेली पाहिजे. आमच्या आयाबहिणींना हे शिकवायला नको. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके देत येतं आणि मग थांबतं. दुसरं भोक पाडलं की धार लागते. टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू म्हणजे ते दुसरं भोक. नेताना-आणताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद ठेवायचा, आणि इंजिन चालू करण्याआधी उघडायचा. विसरलं तर इंजिन लगेच बंद पडत नाही. ते चालू होतं, बोट निघते, टाकीत आधीची हवा असते तोवर चालतं. मग टाकीच्या कडा आत ओढल्या जातात आणि इंजिन मरतं, ते नेमकं मधल्या धारेत.

हे मी नांदेडात पाहिलं. २००६ च्या ऑगस्टात जायकवाडीतून सोडलेलं पाणी गोदावरीनं शहरात आणलं. कुठून तरी एक रबरी बोट आली. कुणाची ते सांगत नाही. पाठवणाऱ्यांची नियत चांगलीच होती. दोन बाया, एक म्हातारा आणि त्याची शेळी घेऊन बोट निघाली. शेळीवाचून म्हातारा बसेना. दहा-बारा मिनिटांनी इंजिन खोकलं आणि गप्प झालं. बोट फिरत फिरत खाली निघाली. चालवणारा दोरी ओढतोय, पुन्हा ओढतोय. काठावरची माणसं नुसती ओरडत होती, त्यांत मीही. बोटीत मोटारसायकल दुरुस्त करणारा एक पोरगा मदतीला बसला होता. त्यानं टाकीकडं पाहिलं, झाकणावरचा स्क्रू फिरवला, आणि हवा आत गेल्याचा सुस्कारा आला म्हणे. दोनचारदा फुगा दाबला, इंजिन लागलं. नंतर त्याला विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाला, "चाचा, गाडीच्या टाकीच्या झाकणाचं भोक चिखलानं बुजलं की गाडी अशीच बंद पडते."

तो जो फुगा म्हणालो, तो नळीच्या मध्यावर असतो. डॉक्टर रक्तदाब मोजताना दाबतात तसाच. त्याच्या दोन्ही टोकांना झडपा असतात, पेट्रोल एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या. फुग्यावर बाण कोरलेला असतो. तो इंजिनाकडं असला पाहिजे. नळी उलटी लावली तर दिवसभर दाबा, थेंब चढणार नाही. दाबताना बाण वरच्या दिशेनं धरावा, म्हणजे झडपा नीट बसतात. फुगा हाताला कडक लागला की पेट्रोल पोचलं. कितीही दाबून मऊच राहत असेल, तर कुठंतरी हवा शिरतेय, बहुधा टोकाच्या जोडातल्या छोट्या रबरी कड्यातून. हे जोडही कंपनीकंपनीचे वेगळे. यामाहाची नळी सुझुकीला बसेलच असं नाही. बोट एका ठिकाणची आणि टाकी दुसऱ्या ठिकाणची आली की दारात वऱ्हाड आणि नवरदेव भलत्याच गावाला, अशी अवस्था.

केरळच्या किनाऱ्यावर १९८० नंतरच्या काळात ही इंजिनं हजारोंनी आली. तिथल्या मच्छीमाराच्या हाताला हा फुगा रोजचा आहे. आपल्या कोकणातल्या मोठ्या नौकांचं डिझेल इंजिन नावेच्या पोटातच असतं, तिथं हा प्रश्न नाही. मराठवाड्यात आउटबोर्ड आलं ते मासळीसाठी नाही, पुरासाठी आलं. म्हणजे वर्षातून एखादा दिवस, आणि काही वर्षी तेही नाही. मधल्या काळात बोट गोडाऊनमध्ये. रबर कडक होतं, नळीला भेगा पडतात. टाकीत गेल्या साली उरलेलं पेट्रोल तसंच असतं. आता तर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि साचून राहिलं तर पाणी तळाशी वेगळं होतं. टाकीतली ओढनळी तळाशीच पोचते, म्हणजे इंजिनाला पहिला घोट पाण्याचा.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा आपल्या राज्यातला तळ पुण्याजवळ. त्यांची माणसं तरबेज, पण पुण्याहून नांदेड म्हणजे साडेचारशे किलोमीटरचा रस्ता. २०२५ च्या ऑगस्टात मुखेड तालुक्यात रात्रीतून पाणी चढलं, हसनाळसारख्या गावात माणसं गेली, सैन्याची तुकडी बोलवावी लागली. इसापूर धरणाचे दरवाजे उघडले की आमच्याकडं डोल्हारी-पळसपूरच्या शिवारातही पाणी येतं. बाहेरची मदत पोचेपर्यंतचे तास गावातल्याच माणसांचे असतात. तिथं हाताशी असते ती तहसीलची एखादी बोट, नाहीतर थर्माकोलचा चप्पू.

म्हणून मृगाच्या आधी एक दिवस बोट बाहेर काढावी. जुनं पेट्रोल टाकून द्यावं. टाकी बोटीत नव्हे, जमिनीवर ठेवून भरावी, कारण पेट्रोलची वाफ जड असते, बोटीच्या तळाशी साचून बसते. इंजिन टू-स्ट्रोक असेल तर कंपनी सांगते त्या मापानं ऑइल मिसळावं. मग झाकणाचा स्क्रू उघडावा, नळी जोडावी, बाण बघावा, फुगा दाबावा आणि गावतळ्यात अर्धा तास चालवून पाहावी. पाच-दहा मिनिटं पुरत नाहीत. बंद स्क्रूची खोड त्याच्यानंतरच कळते. शेवटी बोट पाण्यात असतानाच इंजिनाकडची नळी काढावी, आतलं पेट्रोल संपून ते आपोआप थांबेल. आणि हे करायला कारकुनाच्या जोडीनं बसस्टँडजवळच्या गॅरेजातली दोन पोरं बोलवावीत.