पेवातली ज्वारी, बाजारातली ज्वारी

साल १८७०. तुम्ही वऱ्हाडातल्या खामगावच्या कापूस बाजारात उभे आहात. हे गाव अजून अकोला जिल्ह्यात आहे, आणि जलंबहून आलेला रेल्वेचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यंदाच उघडून गेले आहेत. नजर जाईल तिथवर बैलगाड्या. शेजारचा शेतकरी कापूस विकून रुपये कमरेला बांधतो. त्यातून सरकारचा सारा जाईल, सावकाराचं व्याज जाईल. उरलं तर धोतर, लुगडं. धान्याची चिंता त्याला नाही, वर्षाची ज्वारी घरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात आहे. दुकानात कोष्ट्याच्या लुगड्यापेक्षा विलायती कापड स्वस्त मिळतं. कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांना हेच हवं आहे: रुळांवरून कापूस जावा, कापड यावं, आणि माग सोडून कोष्टी शेतमजुरीला लागावा.

पुढे सरका, १८९९-१९००. पाऊस नाही. ज्वारीचा भाव चढतो, आणि ज्याच्या घरी पेव नाही त्याच्या मजुरीत भाकरही बसत नाही. कापसाच्या मुलखात माणसं उपाशी आहेत.

आता १९७३. तुम्ही अकोल्याजवळच्या एका घरात, चुलीपाशी. मागच्या साली राज्यात दुष्काळ पडला. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली आहे. सरकारची एकाधिकार कापूस खरेदी नुकती सुरू झाली आहे. कापूस केंद्रावर पोचला, चुकारा म्हणजे त्याचे पैसे यायचे आहेत.

“माय, मले सदरा कवा घेशीन?”

“चुकारा येऊ दे, बापू.”

देशाच्या ग्रामीण पाहणीत या सुमारास घरखर्चाच्या शंभर रुपयांतले त्र्याहत्तर अन्नावर जातात. घरचं धान्यही त्यात मोजलेलं असतं. मग सदरा दिवाळीवर ढकलला जातो.

२०२३. अमरावती जिल्ह्यातलं गाव, दिवाळीचा आठवडी बाजार. सदरा आता अडत नाही. तयार कपड्यांचे ढीग लागले आहेत. देशाच्या ग्रामीण पाहणीत अन्नाचा वाटा शंभरात सेहेचाळीसवर आला आहे. उरलेल्यातून शाळेची फी, दवाखाना, गाडीचा हप्ता, मोबाइलचं रिचार्ज निघतं. ही कमाई खरी आहे, तिला कमी लेखू नका. पण शिवाराकडे बघा: कापूस, सोयाबीन, तूर. ज्वारीचं वावर शोधावं लागतं. गहू-तांदूळ रेशनचा, तेल पाकिटातलं, आणि भाकरीसाठी ज्वारी किलोनं विकत. ज्वारीचा कडबा गेला तशी गोठ्यातली जनावरंही कमी झाली, म्हणून दूधही विकतचं.

दीडशे वर्षांत वऱ्हाडाच्या घरात पैसा वाढला, आणि भाकर त्या पैशावर अवलंबून राहू लागली. कापूस बुडाला, तर पूर्वी कपडा थांबायचा. आता बोंडअळी आली किंवा सोयाबीनचा भाव पडला, तर ताटालाही झळ लागते. म्हणून इथल्या कुटुंबाचं उत्पन्न विचाराल तेव्हा आणखी एक प्रश्न जोडा: पीक गेलं, तर घरात किती महिन्यांची ज्वारी आहे? बी, खत आणि हमीभाव ज्वारीलाही प्रत्यक्षात मिळाले पाहिजेत, ते याच उत्तरासाठी.