शंकेला उत्तर देण्याचा गुन्हा

आमच्या पिढीतील पुष्कळांच्या घरी माळ्यावर जुन्या मराठी मासिकांचे गठ्ठे असत. त्यांत ‘समाजस्वास्थ्य’चा एखादा अंक असलाच, तर तो तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला असे. सर्वांनी वाचावे म्हणून काढलेले मासिक लपवून ठेवण्याची पाळी का यावी, हा प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे ज्येष्ठ पुत्र व गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली, मेरी स्टोप्सबाईंनी लंडनमध्ये आपले केंद्र उघडले त्याच वर्षी, त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या कार्यापायी १९२५ मध्ये त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. तरी जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालविले.

१९३४ च्या खटल्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यांनी दिलेली उत्तरेच अश्लील म्हणून न्यायालयापुढे आली. बचावास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावरील लेखन म्हणजे अश्लीलता नव्हे. लोकांच्या मनात गैरसमज असतील तर ते ज्ञानानेच दूर होतील, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. तो मान्य झाला नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. त्याच काळी धातुपुष्टीच्या औषधांच्या जाहिराती मात्र वर्तमानपत्रांतून राजरोस छापून येत होत्या. भीती विकणारा प्रतिष्ठित ठरला आणि भीती घालविणारा गुन्हेगार.

या गोष्टीचा खरा अर्थ आम्हांस पुढे शासकीय सेवेत उमगला. १९८० च्या दशकात माळव्यातील एका खेड्यात कुटुंबनियोजन शिबिराच्या व्यवस्थेवर आमची नेमणूक होती. नस कापल्यावर अंगातली ताकद गेली तर नांगर कोण धरणार, असे एका शेतकऱ्याने आम्हांस विचारले. आमच्या हाती उद्दिष्टांची नोंदवही होती, उत्तर नव्हते. वास्तविक उत्तर सोपे आहे. त्या शस्त्रक्रियेत केवळ शुक्रवाहिनी बंद होते. पुरुषत्वाचे संप्रेरक रक्तावाटे शरीरात जाते, ते पूर्ववत जातच राहते. परंतु आणीबाणीतील सक्ती खेडी विसरली नव्हती. ज्याला नकार देण्याचा हक्क नाकारला, तो आपल्या शास्त्रावर तरी विश्वास कसा ठेवणार? तो शेतकरी निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याची पत्नी शिबिरात आली.

ती एकटी नव्हती. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली आढळली. पतीची नसबंदी झाल्याचे प्रमाण अवघे ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी जोखमीची असूनही हे असे आहे. गैरसमज पुरुषांचा, आणि शस्त्र स्त्रीच्या देहावर!

आता खटल्याचे भय उरलेले नाही. उणीव आहे ती घरातील मोकळेपणाची. आपल्या नातवंडांना शंका येणारच; आपण उत्तर दिले नाही, तर ते देणारे भोंदू आजही पुष्कळ आहेत. कोणाच्या माळ्यावर तो गुंडाळलेला अंक अजून असेल, तर त्यांनी तो खाली काढावा आणि दिवाणखान्यात ठेवावा, इतकीच आमची विनंती आहे.