तूप, फ्लास्क आणि पाणसळ

मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये एक मशीन हमखास दिसतं.. शेकर. वर एक सपाट ताट, त्यावर क्लॅम्पमध्ये अडकवलेले काचेचे फ्लास्क, आणि ते ताट मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा गोल हलत राहतं. आतल्या जंतूंना हवा मिळावी म्हणून.

चालवायला सोपं, पण बसवायला नाही. आधी टेबल न डुगडुगणारं हवं. मग मशीनचे पाय खालीवर करून, पाणसळ (म्हणजे आपली स्पिरिट लेव्हल हो!) उभी-आडवी लावून बघायची. एकही पाय अधांतरी नको. अर्थिंग तपासायचं, फ्लास्क समोरासमोर सारख्या वजनाचे लावायचे आणि वेग हळूहळू वाढवायचा. कारण वेग दुप्पट केला की बाहेर ओढणारा जोर चौपट होतो. यात हयगय झाली तर मशीन टेबलावर चक्क 'चालायला' लागतं. आणि फ्लास्कमध्ये रोगाचे जंतू असतील तर?

मंडळी, हा प्रश्न मुंबईला सव्वाशे वर्षांपूर्वीच पडला होता. तोही शेकर नसताना!

कुर्ल्याहून स्लो लोकल पकडली की शीव, माटुंगा, दादर आणि मग परळ. तिथल्या हाफकिन इन्स्टिट्यूटची ही गोष्ट. 1896 साली मुंबईत प्लेग आला. ऑक्टोबरमध्ये वाल्डेमार हाफकिन इथे पोचले आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना कामाला मिळाली जेमतेम एक खोली आणि व्हरांडा.

त्यांची पद्धत ऐकून मी थक्क झालो. फ्लास्कमध्ये मांसाचा रस्सा, आणि वर तरंगणारे चक्क तुपाचे थेंब! प्लेगचे जंतू त्या थेंबांचा आधार घेऊन खाली लोंबत वाढायचे, गुहेतल्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबतात ना, तसे. प्लेगच्या जंतूची ही खूणच होती. पण हे सुळके इतके नाजूक की जरासा धक्का बसला की तुटून तळाशी. म्हणजे टेबल डगमगतं असेल तर वाढतोय तो प्लेगच की दुसरंच काही, ही खूणच हातची जाणार.

गंमत म्हणजे हलवायचंही होतंच. काही दिवसांनी फ्लास्क मुद्दाम हलवून सुळके पाडायचे, की तुपाखाली नवं पीक. असं साधारण सहा आठवडे. मग उष्णतेने जंतू मारायचे आणि कार्बोलिक ॲसिड घालायचं. झाली लस. हे हलवणं हातानेच, आणि आत जिवंत प्लेग! 10 जानेवारी 1897 ला हाफकिननी पहिली लस स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली. 1925 पासून तिला हाफकिनचं नाव आहे.

मधे एक दुर्दैवी प्रकरण घडलं. 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेली 19 माणसं धनुर्वाताने दगावली. सगळ्यांना टोचलेली लस एकाच बाटलीतली. ठपका आला परळच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिनवर. पुढे चौकशीतली कागदपत्रं तपासली तेव्हा कळलं की बाटली उघडताना बूच काढायचा चिमटा गावातच जमिनीवर पडला होता. 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले, पण तोवर त्यांची उमेदीची वर्षं गेली होती.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही 'इन्स्टॉल' शब्द दिवसातून दहादा वापरतो. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. चुकलं तर परत करायचं. लॅबमध्ये तशी सोय नाही. तिथे डुगडुगणारा पाय किंवा जमिनीवर पडलेला चिमटा कुणाच्या तरी अंगात जाऊन पोचतो. हलवायचं असेल ते हवं तेवढं हलवा, पण त्याच्या खालचं आधी स्थिर करा, एवढंच त्या तुपाच्या थेंबांनी मला शिकवलं.