पत्र्यातलं विमान, विमानाचा पत्रा

स्पिटफायर किंवा मस्टँगसारख्या लढाऊ विमानाची आकृती लेसरने पत्र्यात कापायची, वर काळा रंग फवारायचा आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगायची, ही हौस आता जगभर दिसते. तिचं कूळ शोधत मागे गेलं, की हाती खऱ्या विमानाचा तुकडा लागतो. भिंतीवर आधी विमान आलं, त्याचं चित्र मागाहून.

तो पहिला तुकडा मात्र धातूचा नव्हता. पहिल्या महायुद्धातली बहुतेक विमानं लाकडी सांगाड्यावर लिननचं कापड ताणून केलेली असत. पाडलेल्या विमानाचं हे कापड चाकूने सहज कापता येई. 80 विमानं पाडणारा जर्मन वैमानिक मान्फ्रेड फॉन रिश्टहोफेन शत्रूच्या विमानांवरचे क्रमांक कापून श्वाइडनित्सच्या घरी धाडी. त्याच्या खोलीच्या भिंती या चिंध्यांनी भरल्या होत्या आणि छताला विमानाच्या इंजिनाचं झुंबर टांगलेलं होतं. 21 एप्रिल 1918 रोजी फ्रान्समध्ये तो स्वतः पडला, तेव्हा सैनिकांनी त्याच्या लाल फोकर विमानाचे तसेच लचके तोडले. मारलेल्या वाघाचं कातडं भिंतीवर लावावं, तशी ही रीत. तिच्यात मरणाचा वास आहे, आणि तो विसरून हा इतिहास सांगता येणार नाही.

धातूतली विमानं त्याच वेळी खाली खंदकांत घडत होती. झाडलेल्या काडतुसाचं धड, तांब्या-पितळेच्या पत्र्याचे पंख, अशी वीतभर विमानं सैनिक फावल्या वेळात बनवत. या कारागिरीला ट्रेंच आर्ट म्हणतात. ही विमानं टेबलावर किंवा शेकोटीवरच्या फळीवर बसत. भिंतीपर्यंत पोचायला खरं विमानच धातूचं व्हावं लागलं.

ते झालं एका मिश्रधातूमुळे. आल्फ्रेड व्हिल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाला 1906 च्या सुमारास आढळलं, की ॲल्युमिनिअममध्ये थोडं तांबं आणि मॅग्नेशिअम घालून ते तापवलं, झटकन थंड केलं आणि नुसतं ठेवून दिलं, तर काही दिवसांत ते आपोआप कठीण होतं. हे ड्युराल्युमिन. हलकं आणि टणकही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत बहुतेक बाँबफेकी विमानांची अंगं अशाच ॲल्युमिनिअमच्या पत्र्याची, रिव्हेट मारून जोडलेली झाली. चित्र काढायला इतका मोठा, सपाट पत्रा सैनिकांना दुसरीकडे कुठे मिळाला असता?

अमेरिकी तळांवरच्या हौशी चित्रकारांनी विमानांच्या नाकाडांवर चित्रं रंगवली. बायका-मैत्रिणींची नावं, गावांची नावं, कार्टूनमधली पात्रं आणि बहुतेकदा मासिकांतल्या तोकड्या कपड्यांतल्या तरुणी. इंग्लंडमधल्या बासिंगबर्न तळावर टोनी स्टार्सरने अशी शंभरावर चित्रं काढली. ‘मेम्फिस बेल’ या प्रसिद्ध बाँबफेकी विमानावरची तरुणी त्यांपैकीच. तिचं मूळ चित्र मासिकांचा चित्रकार जॉर्ज पेटी याचं. मला ही चित्रं देखणी वाटतात ती रेषेमुळे नव्हे. उद्या परत येऊ की नाही हे ठाऊक नसलेल्या विशी-बाविशीतल्या पोरांनी विमानाला दिलेलं ते माणसाचं नाव होतं.

युद्ध संपलं आणि विमानं भंगारात निघाली. आर्कान्सासमधल्या वॉलनट रिजच्या धावपट्टीवर ती हजारोंनी आणून लावली. भट्टीत वितळवून त्यांचे ठोकळे पाडायचे, एवढंच काम. तिथल्या कामाचे प्रमुख मायनॉट प्रॅट यांनी मात्र निवडक विमानांच्या नाकाडांवरची चित्रं कुऱ्हाडीने पत्र्यासकट तोडून काढायला लावली. असे 33 पत्रे वाचले. आज ते टेक्सासमधल्या कमेमोरेटिव्ह एअर फोर्स या संस्थेकडे आहेत. कडा वेड्यावाकड्या, रिव्हेटांच्या रांगा तशाच, रंग उडालेला. धातूच्या भिंतचित्रांचे खरे पूर्वज मी या पत्र्यांना मानतो. आजच्या गुळगुळीत कापलेल्या पत्र्यावरही मुद्दाम रिव्हेटचे ठिपके आणि खोटा गंज दाखवतात, ती या कुऱ्हाडीची आठवण आहे.

आपल्याकडे मात्र गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. युद्धानंतर कानपूरला ब्रिटिशांनी लिबरेटर ही अमेरिकी बाँबफेकी विमानं पुन्हा उडू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून टाकून दिली होती. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने त्यांतली चाळीसच्या आसपास निवडली. कशीबशी उडण्याजोगी केलेली ती विमानं चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी एकेक करून कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. कापून भिंतीला लावण्याच्या लायकीचे ते पत्रे पुन्हा आकाशात गेले. 1951 मध्ये पुण्याला हवाई दलाची 6 क्रमांकाची स्क्वाड्रन याच विमानांवर नव्याने उभी राहिली, आणि समुद्रावरच्या टेहळणीसाठी लिबरेटर 1968 पर्यंत वापरात राहिली. तोवर जगात इतरत्र ती जवळपास संपली होती. मग परदेशी संग्रहालयं भारताकडे मागणी करू लागली. 1974 साली त्यांतलं एक विमान, एकेकाळी कानपूरला मोडून टाकलेलं, उडत इंग्लंडला गेलं.