दुकानातल्या फ्रीजला तारे उशिरा का लागले?

मागच्या आठवड्यात स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. मालकाने वीजबिल पुढे केलं. म्हणाला, "भाऊ, कंपनीने फ्रीज फुकट दिला, पण बिल मलाच भरावं लागतं ना. हा नेमका खातो किती?" मी फ्रीजभोवती फिरून पाहिलं. दारावर कोल्ड्रिंकची हातभर जाहिरात होती, पण वीज किती लागते ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. घरच्या फ्रीजवर तारे असतात, मग इथे का नाहीत? या प्रश्नामागे बराच जुना इतिहास आहे, मंडळी.

सुरुवात होते १९७३ च्या तेलटंचाईपासून. अरब देशांनी तेल रोखलं आणि अमेरिकेला ऊर्जेची किंमत कळली. कॅलिफोर्निया राज्याने १९७४ मध्ये कायदा करून ऊर्जा आयोग नेमला आणि पुढे फ्रीजच्या वीजवापरावर मर्यादा घातली. त्या काळी अमेरिकेतला घरगुती फ्रीज वर्षाला सरासरी १८०० युनिटच्या आसपास खायचा. २००० च्या सुमारास हा आकडा ५०० च्या घरात आला. १९८० पासून तिथे उपकरणांवर वर्षाचा वीजवापर सांगणारं पिवळं लेबल आलं. युरोपात १९९५ पासून घरगुती फ्रीजवर ए ते जी अशी अक्षरं लागली.

आता दुकानांचं बघा. अमेरिकेने दुकानातल्या फ्रीजसाठी देशभराच्या मर्यादा २००५ च्या कायद्यात घातल्या, त्या लागू झाल्या २०१० मध्ये. युरोपात हॉटेलच्या स्वयंपाकघरातल्या कपाटासारख्या फ्रीजना लेबल आलं २०१६ मध्ये. कोल्ड्रिंकचे काचेच्या दाराचे फ्रीज आणि आइस्क्रीमचे फ्रीजर यांचा नंबर तर १ मार्च २०२१ ला लागला. म्हणजे घरानंतर तब्बल २६ वर्षांनी!

आपल्याकडेही तेच झालं. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. मार्च २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, स्थापन झाला. मे २००६ मध्ये तारांकनाची योजना आली आणि २०१० पासून घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजना तारे सक्तीचे झाले. दुकानातल्या डीप फ्रीजरसाठी तारे आले थेट २०२० मध्ये, तेही सुरुवातीला ऐच्छिक.

एवढा उशीर का? एक कारण तांत्रिक आहे. दुकानातल्या फ्रीजचे प्रकार फार. उभा, आडवा, काचेचा, बिनदाराचा. सगळ्यांना एकच माप लावता येत नाही. पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. घरचा फ्रीज जो विकत घेतो, तोच त्याचं बिल भरतो. म्हणून तो दुकानात तारे मोजतो. टपरीवरचा फ्रीज कंपनी विकत घेते आणि बिल टपरीवाला भरतो. कंपनीला स्वस्त फ्रीज परवडतो, कारण तो किती वीज खातो याची झळ तिला बसतच नाही. आणि ज्याला झळ बसते, त्याला कोणी विचारत नाही.

झळ किती, त्याचा हिशेब करू. समजा एक फ्रीजर दिवसाला ३ युनिट खातो आणि दुसरा ५. फरक २ युनिटचा, म्हणजे वर्षाला ७३० युनिट. दुकानाच्या मीटरला सगळे आकार धरून १० रुपये युनिट धरला, तर वर्षाला ७३०० रुपये. दहा वर्षांत ७३ हजार. एवढ्यात स्वतःचा चांगला फ्रीज येतो की!

म्हणून लेबल असलंच तर ते नीट वाचा. नुसते तारे मोजू नका. खाली वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, ते बघा आणि सारख्याच लिटरच्या दोन मॉडेलची तुलना करा. लेबल कोणत्या काळासाठी आहे तेही बघा. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे जुने पाच तारे आणि नवे पाच तारे सारखे नसतात. आणखी एक, लेबलवरचा आकडा प्रयोगशाळेतल्या ठरलेल्या तापमानाचा असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ वर जातो, गिऱ्हाईक दर दोन मिनिटांनी दार उघडतं. बिल त्याहून जास्तच येणार. लेबल तुलनेसाठी आहे, बिलाचं भाकीत नव्हे.

टपरीवाल्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. फ्रीजला वेगळा सबमीटर लाव, महिनाभर आकडा लिहून ठेव. आणि कंपनीचा माणूस पुढच्या वेळी करारावर सही घ्यायला आला की आधी विचार, "साहेब, हा दिवसाला किती युनिट खातो?" हाच प्रश्न गावातल्या सगळ्या दुकानदारांनी विचारला, तर कंपन्यांनाही उत्तर शोधावं लागेल.

तुमच्या दुकानातल्या फ्रीजवर लेबल आहे का? बघा आणि कळवा.